शंभर घरांचं अंगडं

लुआन काकांनी बाळाचं अंगडं गळ्यापाशी धरलं आणि टर्रकन फाडलं. भर पंगतीत. पाहुण्यांच्या हातात शेवयांच्या वाट्या होत्या, शुभाची लाल अंडी अजून सोलायची होती, आणि हा पासष्ट वर्षांचा माणूस माझ्या वहिनीच्या मांडीवरून पोर उचलून त्याच्या अंगावरचा कपडा ओरबाडत होता. बाहीची शिवण तुटेना, तर शेजारची सुरी घेतली आणि कापली.

"लुआनदादा! चळ लागलाय का तुम्हाला?" आई ओरडली.

काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी माझ्यासमोर एक हिरवा तुकडा धरला. त्यावर छोटी छोटी डाळिंबं छापलेली होती. "अरन्यू, हा कुठनं आणलास?"

"तुंगकाकूंकडनं."

"कधी?"

"तीन दिवस झाले."

त्यांनी ते अख्खं अंगडं शेगडीत कोंबलं. दोन महिने मी दारोदार फिरले होते त्याच्यासाठी. शंभर घरं, शंभर तुकडे. शंभर घरांचा आशीर्वाद अंगावर असला की पोर जगतं, आणि आज बाळाला शंभर दिवस पूर्ण झाले म्हणून ते पहिल्यांदा घातलं होतं. ते जळताना बघून माझं डोकं फिरलं. मी काकांना ढकललं. माझं असंच आहे. तिसरीत असताना मास्तरीण आईवरून काहीतरी बोलली म्हणून मी तिच्यावर शाई उगाळायचा दगड फेकला होता. तिथंच शाळा संपली. तर मी काकांना ढकललं, ते भिंतीवर आपटले, आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "आत चला. तुम्ही तिघी. पोराला गुंडाळा आधी."

पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चढली. ते हसले आणि पुन्हा शेवया ओढायला लागले.

गल्लीत आजही लोक लुआन काकांचं नाव निघालं की थुंकतात, म्हणून हे सांगायला बसले. ऐकायचं तर नीट ऐका.

काका आमच्याच अंगणात राहायचे, दक्षिणेकडच्या खोलीत, जिथं ऊन कधी येत नाही. धंदा मरणाचा. आमच्या पेइपिंग शहरात कुणी गेलं की पहिलं बोलावणं त्यांच्यासारख्याला. ते येणार, मेलेल्याची बोटं बघणार, डोळे बघणार, कुठल्या घटकेला जीव गेला ते सांगणार, कुठल्या दिवशी आत्मा घरी फेरी मारेल ते मांडणार. मग कागद लिहिणार: नाव, वय, घटका, कारण. खाली शिक्का. त्या कागदाशिवाय शहराच्या दरवाजातून शवपेटी बाहेर जात नाही. शिपाई अडवतो.

राखाडी लांब झगा, कोपरावर ठिगळ, खिशात कायम भोपळ्याच्या बिया. येताजाता सोलायचे. "माझा धंदा बरा," म्हणायचे, "गिऱ्हाईक परत येऊन भांडत नाही." वहिनी नवी नवरी होऊन आली तेव्हा त्यांना बघून घाबरली. तर म्हणाले, "सूनबाई, घाबरू नकोस, मी फक्त बोलावल्यावर येतो." आई त्यांना रोज शिव्या घालायची आणि रोज वाटीभर पेज पाठवायची.

शाळा सुटल्यावर मला अक्षरं त्यांनीच शिकवली. त्यांच्याकडे दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून मेलेल्यांच्या कागदांच्या कच्च्या नकलांवरून. मी 'आई', 'भात' शिकायच्या आधी 'जुलाब' शिकले.

मग आमच्या विभागात ते आरोग्य केंद्र उघडलं. जुन्या देवळाच्या आवारात, पांढऱ्या कपड्यातले लोक. त्यांनी शहरातल्या सगळ्या मरणाच्या गुरुजींना बोलावून बाकांवर बसवलं आणि दोन महिने वर्ग घेतला. देवी कशा ओळखायच्या, घटसर्प कसा, लाल ताप कसा. काका रोज पाटी घेऊन जायचे. "साठी उलटल्यावर शाळेत घातलं मला," म्हणायचे, "आणि पुढच्या बाकावर बसवतात, मेले." पण पहिला नंबर त्यांचाच आला. नवा शिक्का मिळाला. त्याबरोबर हुकूम: लागण होणारा रोग दिसला तर त्याच दिवशी केंद्रात कळवायचं.

म्हणजे त्यांना समजत नव्हतं असं कुणी म्हणू नये. समजत होतं. मी त्यांच्या बाजूची आहे, पण खोटं नाही सांगणार.

आतल्या खोलीत आले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. वहिनीनं बाळाला रजईत गुंडाळलं होतं. बाळाचं नाव गौशंग, म्हणजे कुत्र्यानं हुंगून टाकलेलं. असलं नाव ठेवलं की वाईटाची नजर पडत नाही. त्याच्या आधीची दोन नजरेनंच गेली, असं आई म्हणायची.

"तुंगची लेक ल्यान गेली," काका म्हणाले, "नऊ दिवस झाले. मी कागदावर लिहिलं, छातीत कफ. कफ नव्हता. देवी होत्या. अंगभर."

बाहेर पाहुणे हसत होते.

"तो हिरवा तुकडा तिच्या रजईचा. मी तिला त्या रजईवर बघितलंय."

मला आठवलं. तुंगकाकू दारात उभ्या होत्या, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "काकू, बाळासाठी चिंधी द्या." त्या आत गेल्या आणि कात्री चालल्याचा आवाज आला. मला वाटलं, लेक गेली तरी बाई दुसऱ्याच्या लेकरासाठी कापड कापते, केवढं मन. त्यांच्याही मनात तेच असणार. त्यांना रोगाचं काय कळतंय? रजई धुवून वाळत घातली होती, चांगलं कापड होतं. आणि मी ते छातीशी धरून घरी आणलं. वहिनीनं तीन दिवस झोपायच्या ओट्यावर बसून शिवलं, शेजारी बाळ. बाळ रडलं की त्या चिंध्यांच्या ढिगावरच ठेवायची, मऊ म्हणून.

मी हात झग्याला पुसत राहिले.

"का लिहिलंत?" वहिनीनं विचारलं. ही बाई वर्षात दहा वाक्यं बोलते.

"तुंग पाया पडला. भाकऱ्यांचं दुकान, सणाचा महिना. देवी म्हटलं की दाराला रोगाची पाटी, दुकान बंद, अंथरूण-पांघरूण जाळणार. थंडी ही असली. धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे त्याला."

तेव्हा आई सुटली. "तुमचे हात झडोत! खोटं लिहिणारे हात! लोकांची पोरं खाल्लीत तुम्ही, लुआन! एका भाकरीसाठी!"

"भाकरी घेतली नाही," काका म्हणाले. एवढंच. पुढं खाली बघत उभे राहिले. आई बोलत राहिली, ते ऐकत राहिले. मला राग आला. इतकं कशाला ऐकून घ्यायचं?

मग आईचा आवाज एकदम खाली आला. "कुणाला सांगायचं नाही. अंगडं जळलं, संपलं. मी देवीआईला उदबत्त्या लावते. तुम्हीही गप्प बसायचं, दादा."

"पोराला आज टोचायला पाहिजे," काका म्हणाले. "आज. लागण झाल्यावर तीन दिवसांच्या आत टोचलं तर जगण्याची आशा असते. वर्गात शिकवलंय."

"सुई नाही लावू देणार!"

बाळ एक महिन्याचं होतं तेव्हा केंद्रातल्या फानबाई टोचायला आल्या होत्या. आईनं बाळाला कोबीच्या टोपलीत पानांखाली लपवलं आणि सांगितलं, आजोळी गेलंय. टोपली रडायला लागली तेव्हा आईनं मला चिमटा काढला, मी रडावं म्हणून. सतरा वर्षांची घोडी, कोबीशेजारी बसून भोकाड पसरलेली. फानबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. पण टोपली उघडली नाही त्यांनी.

"सुईनं वाट उघडते," आई म्हणाली. "देवी आत येते. आणि कळलं तर आपल्या दारावर पाटी लावतील, पोराच्या बापाला, जीफूला, गालिच्याच्या कारखान्यातनं काढतील. पोराला गावाबाहेरच्या इस्पितळात नेतील. तिथनं कोण परत आलंय?"

मी काकांना म्हटलं, "आपण नुसतं बाळाला टोचून आणू. कशासाठी ते सांगायलाच पाहिजे असं कुठंय? तुमचा शिक्का राहील, आमचं पोर राहील."

काका माझ्याकडे वळले. "आज सकाळी तिळाच्या भाकऱ्या कोणी आणल्या पाहुण्यांना?"

"मी."

"कुठनं?"

"तुंगच्या दुकानातनं."

"गल्लीतली किती घरं तिथनं आणतात? आणि आज हे पोर किती जणांच्या मांडीवर फिरलं?"

बाहेर शेवया खाणाऱ्यांत चार पोरं होती. एक अजून अंगावर पीत होतं. मघाशी त्याच्या आईनं गौशंगच्या गालाला गाल लावला होता.

आई दाराकडे गेली. काकांनी दार सोडलं नाही. आई पन्नाशीची, अंगानं दांडगी. तिनं त्यांच्या झग्याला हिसडा दिला, बिया जमिनीवर सांडल्या. तेवढ्यात वहिनीनं रजईसकट बाळ माझ्या हातात दिलं. "ने. आत्या आहेस ना? पळ."

मी मागच्या खिडकीतनं उडी मारली. काका कसे निसटले माहीत नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा ते मागनं धापा टाकत येत होते, एक जोडा पायात, एक नाही. रस्त्यात मी बाळाच्या अंगाला हात लावून बघत होते, गरम आहे का, गरम आहे का. रजईत सगळंच गरम लागतं. वारा डोळ्यात धूळ मारत होता. मला वाटलं, रजईच्या आत आत्ताच फोड येताहेत आणि मी पोचेपर्यंत चेहरा ओळखू येणार नाही.

फानबाई टेबलाशी होत्या. तिशीतली बाई, कापलेले केस, आवाज खरखरीत.

"अच्छा," माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोबी आला वाटतं."

मी सांगितलं.

"किती दिवस झाले?"

"तीन."

"तीन म्हणजे तीन, का चाराला तीन म्हणतेस?"

"तीन! मीच आणला तो तुकडा! मला माहीत नसेल?"

"ओरडू नकोस. उघड त्याला."

"टोचल्यावर वाचेल ना?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक. धर दंड."

मागं लुआन काकांनी खिशातनं शिक्का काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. ते म्हणाले, "अक्षर माझं. शिक्का माझा. कारण खोटं आहे. लिहून घ्या." फानबाईंनी दुसऱ्या एका माणसाला हाक मारली आणि मला बाळासकट पलीकडच्या खोलीत नेलं. मलाही टोचलं. मी बाहेर आले तेव्हा काका अजून बोलत होते आणि तो माणूस लिहीत होता. दौतीत दुसऱ्यांदा शाई भरली होती. मला वाटलं, म्हातारा माणूस, पाल्हाळ लावलं असेल.

त्या संध्याकाळी तुंगच्या दुकानाला टाळं लागलं. गंधकाचा धूर गल्लीभर. त्यांची अंथरुणं रस्त्यात जळत होती आणि तुंग फुटपाथवर बसून लाटणं मांडीवर आपटत होता. काका दिसले तसं लाटणं फेकलं त्यानं. कपाळाला लागलं. कुणी सोडवायला गेलं नाही. मी गेले. लाटणं उचललं आणि तुंगला म्हटलं, "अजून एकदा फेक, मग बघ." काका म्हणाले, "अरन्यू, घरी जा."

आमच्याही दाराला पाटी लागली. जीफूदादा कारखान्यात जाईना, गेला तरी घेतलं नसतं. दोन आठवडे थांबा, फानबाई म्हणाल्या. बारा-चौदा दिवसांत कळेल.

ते दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. उठलं की पहिलं काम: बाळाचे कपडे काढायचे, खिडकीशी धरायचं, तळवे, तळपाय, कानामागं. मग माझे स्वतःचे हात. मग पुन्हा बाळ. डास चावल्याचा डाग दिसला तरी मी बाळाला पुन्हा उजेडात न्यायचे, आणि थंडीत डास कुठले? आई उदबत्त्यांमागं उदबत्त्या लावायची. देवीआईच्या चित्रापुढं ती बडबडायची, "पाहुणी म्हणून आलीस तर पाहुण्यासारखी जा."

चौथ्या दिवशी टोचलेल्या जागी फोड आला. आठव्या दिवशी तो टरारून फुगला, भोवती लाल, दंड तापलेला. आई किंचाळली. "आली! सुईच्या वाटेनं आली! सांगितलं होतं!" तिनं कात्री घेतली, फोड कापायला. खरंच घेतली. मी तिचा हात पिरगाळला. स्वतःच्या आईचा. वहिनी बाळावर पालथी पडली. मी माझी बाही वर केली, माझ्याही दंडावर तसाच फोड होता. "बघ, मला पण आला! हा लशीचा आहे! मी मरतेय का?"

"तू काय मरतेस," आई म्हणाली, "तू सगळ्यांना मारून मरशील." आणि खाली बसून रडायला लागली.

लुआन काका त्यांच्या खोलीत होते. अंगणातल्या पाच बिऱ्हाडांपैकी कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. आईनं पेज बंद केली होती; मी माझ्या वाटीतली नेऊन ठेवायचे. ते रोज एकच विचारायचे दाराआडून: "ताप?"

बाराव्या दिवशी ताप आला. गौशंग दूध घेईना. आईनंही शिव्या थांबवल्या, आणि तेच जास्त भयंकर होतं. तेराव्या दिवशी कपाळावर दोन फोड, नाकावर एक. आम्ही चौघं ओट्याभोवती बसलो आणि चौथ्याची वाट बघितली. छातीवर? नाही. तळव्यावर? नाही. दिवस गेला. दुसरा गेला. चौथा फोड आलाच नाही. सतराव्या दिवशी बाळानं वहिनीला इतक्या जोरात चावलं की ती ओरडली, आणि आम्ही सगळे येड्यासारखे हसायला लागलो.

तुंगच्या धाकट्याला मात्र देवी निघाल्या. त्याला गावाबाहेरच्या इस्पितळात नेलं. जगला, एक डोळा गेला. शेवयांच्या पंगतीतल्या चारही पोरांना त्याच संध्याकाळी टोचलं होतं. त्यातल्या एकालाही काही झालं नाही. तरी त्यांच्या आया काकांना बघून रस्ता बदलायच्या. कुणी म्हणायचं, खोटं लिहायला पैसे खाल्ले. कुणी म्हणायचं, खरं सांगायला केंद्राकडून पैसे खाल्ले. दोन्ही तोंडं एकाच बाईची असायची कधी कधी.

शिक्का परत मिळाला नाही. मरणाचं बोलावणं यायचं बंद झालं. काका देवळाच्या जत्रेत पंचांगं विकायचे, निरक्षर बायांची पत्रं लिहून द्यायचे. मी कुणी त्यांना काही बोललं की सरळ भांडायचे. "एकदा! आयुष्यात एकदा खोटं लिहिलं त्यांनी, आणि ते पण दयेनं! तुमच्यातलं कोण आहे असं, पुढं या!" भाजीवाल्याला तराजूसकट ढकललं होतं मी एकदा. काकांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "माझी वकिली करत जाऊ नकोस, अरन्यू." मला वाटलं, मोठेपणा.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. कागद लिहायला फानबाई स्वतः आल्या. फुप्फुसाचा दाह, लिहिलं. खरं होतं. शवपेटीमागं शहराच्या दरवाजापर्यंत मी आणि वहिनी आणि वहिनीच्या कडेवर गौशंग, एवढेच होतो. आई दारात उभी राहिली, आली नाही.

या वसंतात फानबाईंनी मला केंद्रात कामाला घेतलं, बाटल्या उकळायच्या, जुन्या वह्या झटकायच्या. शाळा अर्धी असली तरी वाचता येतं म्हणून. एक वही झटकताना मला काकांचं नाव दिसलं आणि ती तारीख. त्या दिवशी पलीकडच्या खोलीत त्यांनी तुंगचं एकच घर नव्हतं सांगितलं. अकरा घरं सांगितली होती. चार वर्षांतली अकरा मरणं, प्रत्येकापुढं त्यांनी शिक्क्याखाली लिहिलेलं कारण, त्याच्यापुढं खरं, आणि कुणी विनवलं त्याचं नाव. तिसरी ओळ आमच्या अंगणाची. सान-न्यू, मुलगी, दीड वर्ष: माझी धाकटी बहीण, जी दात येताना ताप चढून गेली असं मी आजवर समजत होते. कागदावरचं कारण, दातांचा ताप. खरं कारण, घटसर्प. विनवणारी, मुलीची आई.